अखंड सुराचा सांधा

१९२६ साली स्थापन झालेला कल्याण गायन समाज, पं. राम मराठे यांच्या नावाने ठाण्यात भरणारा संगीत महोत्सव आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली, या सर्वांमुळे ठाणे, डोंबिवली, कल्याण हा पट्टा गाण्याच्या बाबतीत जागता आहे. परंतु यांपैकी अनेक मुलांच्या घरी तंबोरा नसतो. दोन खोल्यांच्या घरात मोठ्या भोपळ्याचे वाद्य ठेवायचे कोठे हा पहिला प्रश्न, आणि संध्याकाळच्या लोकलमधून ते नेणार कसे हा दुसरा. त्यामुळे तंबोऱ्याची जागा मोबाइलने घेतली आहे. शाळेच्या प्रार्थनेलाही आता बहुधा मोबाइलमधलाच तंबोरा लागतो.

याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचा आमचा हेतू नाही. मोबाइलमुळे ज्या मुलाला सूर मिळाला, त्याला तो एरवी कदाचित मिळालाच नसता. येथे प्रश्न वेगळा आहे. मोबाइलमधून अखंड वाजणारा हा सूर पुष्कळदा काही सेकंदांच्या एका ध्वनिमुद्रित तुकड्याची पुनरावृत्ती असतो. अशा तुकड्याला 'लूप' म्हणतात. तुकड्याचा शेवट आणि आरंभ जेथे जुळतात तेथे सांधा पडतो. तो सांधा ऐकू येऊ नये म्हणून योग्य जागा आपोआप शोधून देणाऱ्या संगणक-आज्ञावल्या आज विनामूल्य मिळतात, आणि संगीताचे अनेक शिक्षक आपल्या पट्टीतला तंबोरा अशा रीतीने तयार करू लागले आहेत. या आज्ञावल्या सांधा खरोखरच नाहीसा करतात काय, आणि केला तरी तेवढे पुरते काय, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

सांधा का ऐकू येतो?

संगणकात ध्वनी साठवताना त्याच्या तरंगाची उंची ठराविक काळाने मोजून आकड्यांत लिहिली जाते. सीडीसाठी ठरलेल्या मापात सेकंदाला ४४,१०० आकडे घेतले जातात. लूप वाजवताना शेवटच्या आकड्यानंतर लगेच पहिला आकडा येतो. शेवटचा आकडा तरंगाच्या माथ्यावरचा आणि पहिला शून्यावरचा असेल, तर तेथे तरंग एकदम तुटतो आणि 'टक्' असा आवाज येतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे दोन्ही टोके शून्यावर कापणे. पण तेवढ्याने भागत नाही. एका पूर्ण आंदोलनात साधा तरंग दोनदा शून्यातून जातो, एकदा वर चढताना आणि एकदा खाली उतरताना. उतरत्या शून्यानंतर चढते शून्य जोडले तर उंची जुळते, पण दिशा उलटते. शिवाय तंबोऱ्यासारख्या नादात इतके उपस्वर असतात की एकाच आंदोलनात त्याचा तरंग अनेकदा शून्य ओलांडतो. त्यांतले नेमके कोणते शून्य घ्यायचे हे केवळ शून्याकडे पाहून कळत नाही.

दुसरी अडचण भागाकाराची आहे. काळी एक या पट्टीतला पुरुषाचा षड्ज सुमारे १३८.६ कंपनांचा. ४४,१०० ला १३८.६ ने भागले तर उत्तर ३१८.२ येते. म्हणजे एका आंदोलनाला ३१८.२ आकडे लागतात आणि आकडा तर अर्धामुर्धा घेता येत नाही. परंतु पाच आंदोलने घेतली तर ३१८.२ गुणिले ५ बरोबर १५९१ आकडे होतात आणि हिशेब पूर्णांकात सुटतो. सहावी-सातवीच्या मुलांना 'लसावि कशासाठी शिकायचा' असा प्रश्न पडतो, तेव्हा हे उदाहरण देण्यासारखे आहे.

आता सूरपेटीच्या दोन पट्ट्या घेऊ. एक १३८.६ ची आणि दुसरी किंचित चढी, १३९ ची. फरक ०.४ चा, म्हणून दर अडीच सेकंदांनी नाद एकदा फुगतो आणि एकदा बसतो. याला आपण ठोके किंवा विस्पंद म्हणतो. तर मग अडीच सेकंदांचा लूप चालेल काय? चालणार नाही. अडीच सेकंदांत पहिल्या पट्टीची ३४६.५ आणि दुसरीची ३४७.५ आंदोलने होतात. दोन्ही अर्ध्यावर तुटतात आणि सांध्यापाशी तरंग पालथा होतो. पाच सेकंद घेतले तर ६९३ आणि ६९५ अशी पूर्ण आंदोलने मिळतात. ठोकेही दोन पूर्ण होतात. येथेही तत्त्व लसाविचेच आहे, फक्त ते दोन पातळ्यांवर एकदम पाळावे लागते.

आज्ञावली काय करते?

हे सारे प्रत्येक वेळी कागदावर मांडणे शक्य नसते, कारण खऱ्या नादाची कंपने अशी नेटकी नसतात. म्हणून आज्ञावली तुलनेचा मार्ग धरते. शेवटाजवळचा एक छोटा तुकडा घेऊन ती तो आरंभाजवळच्या भागावरून एकेक आकडा सरकवत नेते. प्रत्येक जागी दोन्ही तरंगांतील फरकांच्या वर्गांची बेरीज करते आणि ही बेरीज जेथे सर्वांत कमी, तेथे सांधा मारते. दोन पारदर्शक कागदांवर एकच तरंग काढून ते एकमेकांवर सरकवले, तर हीच क्रिया वर्गात दाखवता येते.

त्यानंतरही थोडा फरक उरतोच. तो झाकण्यासाठी 'क्रॉसफेड' वापरतात, म्हणजे जाणारा तुकडा हळूहळू लहान करत त्यात येणारा तुकडा हळूहळू मोठा करत मिसळायचा. यातही एक खोच आहे. मिसळणीच्या मध्यावर दोन्ही तुकडे निम्म्या-निम्म्या उंचीवर असतात. ते एकाच आकाराचे आणि पूर्ण जुळलेले असतील, तर अर्धा अधिक अर्धा बरोबर एक, आणि काही बिघडत नाही. पण त्यांचा परस्परांशी मेळ नसेल तर उंची नव्हे, ऊर्जा बेरजेत येते. पाव अधिक पाव बरोबर अर्धा, म्हणजे आवाज ३ डेसिबेलने खाली बसतो. हे टाळण्यासाठी दोघांनाही मध्यावर ०.७०७ उंची द्यावी, तर जुळलेल्या तुकड्यांत उलट ३ डेसिबेलचा फुगवटा येतो. म्हणून कोणती मिसळण वापरायची हे नादावर अवलंबून आहे. कळ दाबली की सर्व काही होईल असे समजणाऱ्याच्या हातून येथेच काम बिघडते.

तीन आज्ञावल्यांचे गुणदोष

कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेली आणि २००० साली सर्वांना खुली झालेली ऑडॅसिटी ही आज्ञावली बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. निवडलेल्या भागाची टोके जवळच्या शून्यावर नेऊन ठेवण्याची आज्ञा तिच्यात आहे, आणि २०२१ मधल्या ३.१ आवृत्तीपासून लूप वाजवून पाहण्याची सोयही सुधारली आहे. पण सांध्याची जागा ती स्वतः शोधत नाही. जागा माणसाने निवडायची आणि कानाने पारखायची. आमच्या मते शाळेसाठी हा दोष नसून गुणच आहे, कारण विद्यार्थ्याला तरंग डोळ्यांनी दिसतो आणि चूक कानाने कळते.

लूप-ऑडिशनियर ही आज्ञावली लार्स पालो यांनी चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या ध्वनिमुद्रणांसाठी लिहिली आहे. ती लूपच्या जागा स्वतः शोधते, सांधा ऐकवते आणि आरंभ-शेवटाचे आकडे वॅव्ह फाइलमध्येच नोंदवून ठेवते. ऑर्गनच्या नळीचा स्वर हवा मिळेपर्यंत स्थिर राहतो. स्थिर स्वरासाठी ही पद्धत उत्तम आहे, म्हणून सूरपेटीला किंवा हार्मोनियमच्या एका सुराला ती चांगली लागू पडते. तंबोऱ्याची तार मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागते. शेवट आरंभापेक्षा नेहमीच क्षीण असतो, आणि दर फेरीला आवाजाला एक पायरी चढावी लागते. स्थिर स्वरासाठी केलेल्या साधनाकडून विझणाऱ्या स्वराची अपेक्षा करणे हा साधनावर अन्याय आहे.

पाय-म्युझिक-लूपर ही तिसरी. ती पूर्ण गाण्यासाठी किंवा खेळांतल्या पार्श्वसंगीतासाठी आहे. तालाचे ठोके ओळखून, प्रत्येक ठिकाणी सप्तकातल्या बारा स्वरांपैकी कोणता किती वाजतो हे ती पाहते, आवाजाची पातळी पडताळते, आणि सारख्या दिसणाऱ्या जागांच्या जोड्या गुण देऊन क्रमाने मांडते. चाल असलेल्या संगीतासाठी ही कल्पना हुशारीची आहे. पण तंबोऱ्यात तालाचा ठोका नसतो, आणि बारा खान्यांच्या दृष्टीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत षड्ज-पंचमच असतो. येथे जवळपास सर्वच जागा सारख्या ठरतात. चाळणीची भोके मोठी असली की रवा आणि मैदा एकत्रच खाली पडतो, तसा हा प्रकार आहे.

तिन्हींना लागू असलेली एक सूचना येथेच देतो. नीट जुळवलेला लूप एमपी-३ स्वरूपात साठवू नये. एमपी-३ मध्ये ध्वनी ११५२ आकड्यांच्या चौकटींत बांधला जातो आणि आरंभी व शेवटी थोडी रिकामी भर पडते. त्यामुळे आज्ञावलीने बुजवलेला सांधा पुन्हा उसवतो. वॅव्ह किंवा फ्लॅक स्वरूप वापरावे.

तंबोरा सरळ का नाही?

तारवाद्यांबद्दल यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निष्पंद येतो ते उपस्वर वाजत नाहीत. उदाहरणार्थ, बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेत दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर नसायला हवेत. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे उपस्वर असायला नकोत तेही तेथे स्पष्ट ऐकू येतात. याचे कारण घोडीत आहे. घोडीचा माथा धारदार नसून सपाट आणि किंचित वक्र असतो. तार कंप पावताना त्या वक्रावर टेकत आणि सुटत राहते, आणि जवारीचा दोरा हा स्पर्श नेमका जागेवर आणतो. त्यातून ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे सरकत राहते.

याचा परिणाम असा की छेडल्यानंतर तंबोऱ्याचा नाद नुसता लहान होत नाही, तो रंगही बदलतो. कोणत्याही दोन क्षणी त्याचा तरंग तंतोतंत सारखा नसतो. आज्ञावली ज्या साम्याच्या शोधात असते, ते साम्य या वाद्यात रचनेनेच टाळलेले आहे. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात ती याच जिवंतपणासाठी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट या दृष्टीने विज्ञानाच्या शिक्षकांनीही लक्षात ठेवावी. ते कौशल्य म्हणजे हाताने केलेले ध्वनिशास्त्रच आहे.

तंबोऱ्याचा लूप करायचाच तर तो एका तारेचा करून चालत नाही. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज अशी पूर्ण फेरी, किंबहुना अनेक फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि सांधा छेडीच्या अगदी अलीकडे ठेवावा लागतो. नव्या छेडीचा झणत्कार इतका ठसठशीत असतो की त्याच्या आडोशाला लहानसा दोष लपतो. 'छेडीच्या अलीकडे' ही खूण वादकाला सहज सुचते. नुसत्या वर्गांच्या बेरजेला छेड म्हणजे काय ते ठाऊक नसते.

आठवणीचा सांधा

येथवरचे दोष तांत्रिक आहेत आणि उद्याच्या आज्ञावल्या ते दूर करतीलही. आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. समजा, सांधा अगदी निर्दोष जुळला, कोठेही टक् नाही, उतार नाही, फुगवटा नाही. तरी फेरी मात्र तीच राहते. एका छेडीला बोटाचे नख किंचित घासले असेल, तर तो आवाज दर पाच सेकंदांनी त्याच जागी येतो. हाताने वाजवताना जो अपघात असतो, तो लूपमध्ये नियम होतो.

पूर्वी रूळ तेरा-तेरा मीटरचे असत आणि त्यांच्या सांध्यांमध्ये फट असे. गाडी ताशी ४६.८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १३ मीटर जात असेल, तर एका चाकाला सेकंदाला एक ठोका बसे. डब्यातले भजनी मंडळ त्या ठोक्यावर लय धरू शके. सांधा हा दोष खरा, पण तो नियमाने परत येऊ लागला की कान त्याचा ताल करतो. रूळ जोडून अखंड केले की हा ठोका जातो. लूपमध्ये मात्र तरंग कितीही अखंड केला, तरी पुनरावृत्तीचा ठोका शिल्लक राहतो.

तंबोऱ्याच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे, कारण तंबोरा तालापासून मुक्त असतो. तबल्याची लय वाढली म्हणून तंबोऱ्याची छेड वाढत नाही. गायकाला सुराचे पटांगण मिळावे, त्यावर कोणत्याही रेघा आखलेल्या नसाव्यात, हा त्यामागचा हेतू. चार-पाच सेकंदांचा लूप त्या पटांगणावर नकळत रेघा आखतो. रोज तासभर त्यावर रियाज करणारे मूल आपला आलाप त्या रेघांत बसवू लागले, तर त्याला तसे कोणी सांगितलेले नसते, आणि ते झाले आहे हे त्याला कळतही नाही. सुराचे वळण ज्या वयात पडते त्याच वयात हे घडते, म्हणून आम्ही याला क्षुल्लक मानत नाही.

थोडक्यात, सांधा तीन ठिकाणी असतो: तरंगात, नादाच्या रंगात आणि ऐकणाऱ्याच्या आठवणीत. आजच्या आज्ञावल्या पहिला सांधा चांगला बुजवतात, दुसरा अर्धामुर्धा, आणि तिसऱ्याची त्यांना दखलच नाही. 'अखंड' हा शब्द त्या पहिल्याच अर्थाने वापरतात. वापरणाऱ्याने तो तिन्ही अर्थांनी घेऊ नये.

लूप मुळात हवा कशाला?

लूपची कल्पना टंचाईतून वाढली. १९६३ मध्ये आलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा असे आणि सुमारे आठ सेकंदांनी तो संपे, की स्वरही संपे. पुढे आकड्यांत ध्वनी साठवणारी वाद्ये आली तेव्हा स्मृती इतकी महाग होती की थोडक्या नमुन्यातून लांब स्वर काढण्यासाठी लूप अपरिहार्य झाला. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला, तोही अशा काळात की तासभराचे ध्वनिमुद्रण पेटीत घालणे अशक्यच होते.

आज हिशेब बदलला आहे. एका वाहिनीचे, सीडीच्या प्रतीचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण म्हणजे ४४,१०० गुणिले २ गुणिले ६००, साधारण ५३ मेगाबाइट. हे कोणत्याही साध्या मोबाइलमध्ये मावते. तेव्हा पाच सेकंदांचा लूप निर्दोष करण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा, चांगल्या वादकाकडून दहा-पंधरा मिनिटे तंबोरा छेडवून घ्यावा आणि एकच सांधा छेडीच्या अलीकडे मारावा. दहा मिनिटांपूर्वीची छेड कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चारही तारांच्या अनेक छेडी वेगवेगळ्या, पूर्ण विझेपर्यंत मुद्रित करायच्या आणि संगणकाने त्या आळीपाळीने, किंचित कमीजास्त अंतराने वाजवायच्या. यात लूप मुळी लागतच नाही.

मग या आज्ञावल्या टाकाऊ आहेत काय? मुळीच नाही. सूरपेटीसाठी त्या उपयोगी आहेत, आणि विज्ञानाच्या वर्गासाठी तर फारच. शिक्षकांनी पुढील दोन प्रयोग अवश्य करून पाहावेत.

पहिला प्रयोग: ऑडॅसिटीत १०० कंपनांचा साधा स्वर तयार करावा आणि शून्यापासून आरंभ करून त्याचे तीन तुकडे घ्यावेत, २ सेकंदांचा, २.००५ सेकंदांचा आणि २.००२५ सेकंदांचा. तिन्ही लूप करून हेडफोनवर ऐकावेत. पहिल्यात पूर्ण २०० आंदोलने असल्याने सांधा कळत नाही. दुसऱ्यात अर्धे आंदोलन जास्त आहे, म्हणून उंची जुळते पण दिशा उलटते. तिसऱ्यात पाव आंदोलन जास्त आहे, म्हणून तरंग माथ्यावरून थेट शून्यावर पडतो आणि टक् सर्वांत स्पष्ट येते. सांधा मोठा करून पडद्यावर पाहिला, तर कानाने ऐकलेले डोळ्यांना दिसते.

दुसरा प्रयोग: तंबोऱ्याचे एक पाच सेकंदांचे आणि एक दहा मिनिटांचे आवर्तन मुलांना काही न सांगता ऐकवावे. 'काहीतरी पुन्हा पुन्हा येत आहे' असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा. कोणाचा हात कितव्या फेरीला वर झाला ते फळ्यावर मांडावे. एकाही उपकरणाशिवाय होणारे हे स्मृतीचे मापन आहे, आणि तिसरा सांधा मोजण्याचे दुसरे साधन निदान आज या आज्ञावल्यांपाशी नाही.

या प्रयोगांतून आलेले आकडे, मग ते आमच्या म्हणण्याला दुजोरा देणारे असोत वा ते खोडून काढणारे, शिक्षकांनी मासिकाकडे जरूर पाठवावेत.